डेटा स्ट्रक्चर्सचे स्वाध्याय : एक चिकित्सा

डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रात्यक्षिकांत ‘बायनरी सर्चचा प्रोग्राम लिहा’ हा स्वाध्याय ठरलेलाच असतो. विद्यार्थी पाच-दहा क्रमबद्ध संख्या देतो, अपेक्षित उत्तर मिळते आणि वहीवर स्वाक्षरी होते. मागील वर्षीच्या वहीतून उतरवलेला प्रोग्रामही तेवढेच गुण मिळवतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या पद्धतीवर आहे.

जावा भाषेच्या लायब्ररीतील बायनरी सर्चमध्ये अनेक वर्षे एक दोष दडून होता. मध्यस्थान काढण्यासाठी आरंभ व अंत या स्थानांची बेरीज करून तिला दोनाने भागले जाई. अ‍ॅरे प्रचंड असल्यास ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होत असे. तो प्रोग्राम लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ही चूक जाहीरपणे मांडली. दोन स्थानांतील फरकाचा अर्धा भाग आरंभस्थानात मिळवल्यास ती टळते.

पाच संख्यांच्या चाचणीत असा दोष दिसणे शक्य नाही. म्हणून स्वाध्यायाचा प्रश्नच बदलावयास हवा. अ‍ॅरे रिकामा असेल, शोधावयाची संख्या त्यात नसेल वा ती अनेकदा आली असेल, तर काय घडेल? कोणत्या मर्यादेला प्रोग्राम चुकेल? याचे सकारण लेखी उत्तर मागावे. प्रोग्राम चालणे आणि तो बिनचूक असणे यांतील भेद विद्यार्थ्यास उमगला, तरच त्या स्वाक्षरीला अर्थ आहे.