फळ्यावरची तीन अक्षरं

काशीतला मराठी माणूस म्हटला की आधी दगडी पायऱ्या डोळ्यांपुढे येतात. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला भोसले घाट, तिथलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ, जवळच शिंदे घाट. राजेरजवाड्यांनी पुण्यासाठी ओतलेला पैसा तिथे आजही उभा आहे. पण त्याच काठाने अस्सीच्याही वर गेलं, की बनारस हिंदू विश्वविद्यालयाचं आवार लागतं. तिथे विसाव्या शतकात एका मराठी घराने घाट बांधला नाही, भिंतीवर फळे केले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातलं बनारस मला मोहवतं ते या फळ्यांमुळे.

वडील विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ साली विश्वविद्यालयाचे संस्थापक मालवीयजींच्या बोलावण्यावरून केंब्रिजहून आले आणि पंचविशीही उलटली नसताना गणित विभागाचे प्रमुख झाले. आई सुमती संस्कृतच्या अभ्यासक, माहेरच्या हुजूरबाजार. मुलांनी हवं ते खरडावं म्हणून घरात दोन फळे. मोरूमामा एम.एस्सी. करायला बहिणीकडे राहायला आला आणि भाच्याला गणित आवडतं हे त्याच्या ध्यानात आलं. मग एके दिवशी फळ्यावर मथळा झळकला, ‘जे.व्ही.एन.साठी आव्हान’, आणि खाली एक गणित. भाचा सोडवेपर्यंत किंवा हात टेकेपर्यंत ते पुसायचं नाही.

या प्रसंगात मामा शिकवत नाही, यातच त्याची गंमत आहे. तो गणित लिहून निघून जातो. मुलगा येता-जाता त्याच्याकडे बघतो आणि गणितही जणू मुलाकडे बघत राहतं. दुसरा कुणी लेखक असता तर इथे बालपणीच्या प्रतिभेचा डांगोरा पिटला असता. नारळीकर प्रसंग सांगतात आणि पुढे जातात. त्यांचं गद्य असंच आहे, पाणी न घातलेलं आणि साखरही न घातलेलं. कुणाला ते कोरडं वाटेल. मला ते शिक्षकाचं गद्य वाटतं. वाचणाऱ्याने पुढचं स्वतः करावं, एवढा विश्वास त्यात आहे.

फळ्यावरची जे.व्ही.एन. ही तीन अक्षरं पुन्हा भेटतात ती १९७४ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. जे.व्ही.एन. उलटं लिहिलं की एन.व्ही.जे.! नाव दडलं, पण अक्षर ओळखीचं निघालं तर? म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठीला एक विज्ञानकथालेखक मिळाला. परीक्षकांनी वाचलं ते अक्षर मात्र बायकोचं.

अक्षर लिहून देणारी ही बाई काही साधी लेखनिक नव्हती. मंगला राजवाडे १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. झाल्या, कुलपतींचं सुवर्णपदक घेऊन. लग्न १९६६ मध्ये. केंब्रिजला काही काळ शिकवलं, १९७२ मध्ये दोघं मुंबईला परतली, मुली वाढल्या आणि संख्या सिद्धांतातली पीएच.डी. हाती आली ती १९८१ साली. आपल्या पिढीतल्या शिकलेल्या बायकांनी संसार आधी आणि करिअर नंतर ठेवलं, आपली गोष्टही त्यांच्यासारखीच आहे, असं त्यांनी पुढे ‘लीलावतीज डॉटर्स’ या संग्रहात लिहून ठेवलं. त्यात तक्रारीचा सूर नाही, पण झाकपाकही नाही. धाकट्या मुलीचं नाव लीलावती आहे, हे जाता जाता.

दोघांचं शिकवणं मात्र एकाच जातीचं. सही मागणाऱ्या मुलाला जयंतराव सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मोरूमामाचा फळाच तो, फक्त आता प्रश्न मुलाने टाकायचा. पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली तेव्हा शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं आली, तीही याच वळणाची. मंगलाताईंनी ‘गणितगप्पा’ लिहिल्या, ‘गणिताच्या सोप्या वाटा’ दाखवल्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकातल्या संख्यावाचनावरून गदारोळ उठला, तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. सत्तावीस म्हणताना आधी सात येतात, लिहिताना आधी दोन. पोर तिथे अडखळतं, म्हणून ‘वीस सात’ असंही म्हणू द्या, एवढंच म्हणणं. थट्टा भरपूर झाली. पण चौऱ्याहत्तर आणि सत्तेचाळीस यांत गोंधळलेलं मूल ज्याने जवळून पाहिलंय, त्याला या बाईंची बाजू समजावून सांगावी लागत नाही.

तक्रार एकच. ‘चार नगरांतले माझे विश्व’मध्ये मंगलाताई मला हव्या होत्या तेवढ्या भेटत नाहीत. लेखकाचा स्वभावच मितभाषी, तो सहजीवनावर पानं खर्ची घालणार नाही. ती भूक भागते मंगलाताईंच्या ‘पाहिलेले देश, भेटलेली माणसं’मध्ये. नवऱ्याने आयुष्य नगरांत मांडलं, बायकोने माणसांत.

मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या, जयंतराव २० मे २०२५ रोजी, दोघंही पुण्यात. जयंतरावांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यामुळे ते ग्रंथालयात सहज सापडेल. पण नुसतं तेवढंच आणू नका. दोन्ही पुस्तकं बरोबर आणा आणि आधी मंगलाताईंचं वाचा.