चिप बदलली, पण नेमकं काय बदललं?

हेडफोन अँप्लिफायरमधली एखादी चिप किंवा कपॅसिटर बदलायचा, गाणं ऐकायचं आणि ‘आवाज उघडला’, ‘बेसमध्ये वजन आलं’ असं लिहायचं. हा हौशी मंडळींचा जुना उद्योग आहे. या लोकांचं सोल्डरिंग बऱ्याच पीएचडीवाल्यांपेक्षा चांगलं असतं, हे आधीच सांगून टाकते. तरीही त्यांचे अहवाल मी संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मुद्दाम वाचायला सांगते, कारण असा प्रत्येक अहवाल म्हणजे एक छोटा प्रयोग असतो. एक गोष्ट बदलली, एक परिणाम दिसला, आणि त्यावरून एक दावा केला. तो दावा नेमका कुठे फसतो हे इथे शिकलात, तर स्वतःच्या प्रबंधात ते लवकर लक्षात येईल.

उदाहरणासाठी ‘सीमॉय’ घेऊ. अमेरिकेत चू मॉय यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी हा खिशात मावणारा अँप्लिफायर इंटरनेटवर मांडला. आल्टॉइड्स नावाच्या पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत तो बसतो, ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतो, आणि जगभरातल्या कितीतरी लोकांनी आयुष्यातलं पहिलं सर्किट म्हणून तोच बांधला. शिकण्यासाठी याहून बरी रचना शोधून सापडणार नाही. डझन-दीड डझन सुटे भाग, आणि प्रत्येक भाग तिथे का आहे याचं उत्तर कागदावर काढता येतं. पण बदल करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ते उत्तर काढायला बसतात. माझा आक्षेप तिथे आहे.

पहिला दावा: ‘ही चिप त्या चिपपेक्षा चांगली वाजते’

सीमॉयमध्ये सहसा ओपीए२१३४ हा ऑप-अँप असतो. तो सॉकेटमध्ये बसवला की काढणं-घालणं सोपं, म्हणून लोक एकामागून एक चिपा लावून बघतात. समजा कुणी एनई५५३२ लावला आणि लिहिलं, ‘आवाज कोरडा, मोठ्या आवाजाला फाटतो, म्हणजे चिप सुमार.’ आता ही चिप स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. मग ती इथेच का फाटते?

गणित करू. सीमॉयच्या इनपुटला १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे. ओपीए२१३४ च्या इनपुटला जाणारा बायस करंट काही पिकोअँपिअर, म्हणजे जवळपास शून्यच. एनई५५३२ चा मात्र साधारण २०० नॅनोअँपिअर. २०० नॅनोअँपिअर गुणिले १०० किलोओहम म्हणजे २० मिलिव्होल्ट. मूळ रचनेत गेन ११ आहे आणि डीसीलाही तेवढाच गेन मिळतो, म्हणजे आउटपुटला सुमारे २२० मिलिव्होल्ट डीसी. आउटपुटला अडवणारा कपॅसिटर नाही, त्यामुळे ते थेट हेडफोनवर येतं. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये तेवढ्याने एका बाजूला ७ मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहायला हवा. पण या अँप्लिफायरचं ‘ग्राउंड’ खरं नाही. दोन ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरनी बॅटरी मधोमध विभागून ते तयार केलेलं आहे. सतत वाहणारा एवढा करंट पेलणं त्याला जमत नाही. मधला बिंदू एका बाजूला सरकतो आणि लाटेची एक बाजू लवकर कापली जाते.

भरीस भर म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी विभागली की मिळतात ±४.५ व्होल्ट, आणि एनई५५३२ ची डेटाशीट किमान ±५ ची शिफारस करते.

म्हणजे ऐकणाऱ्याचे कान खरे होते. आवाज खरंच फाटत होता. चुकलं ते ‘म्हणजे चिप सुमार’ हे वाक्य. त्याने एक चिप बदलली, पण त्यासोबत डीसी ऑफसेट, ग्राउंडची जागा आणि पुरवठ्याची अट एवढं सगळं बदललं. संशोधनाच्या भाषेत याला कन्फाउंडिंग म्हणतात: आपल्याला वाटतं एकच चल हलवलं, प्रत्यक्षात त्याला बांधलेली चार चलं हलली. तुलना दोन चिपांची झालीच नाही. तुलना झाली एका धडधाकट सर्किटची आणि एका आजारी सर्किटची.

याच्या उलटही घडतं. खूप वेगवान ऑप-अँप घातला आणि पुरवठ्याच्या पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसला, तर चिप ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला आंदोलन करू शकते. ती गरम होते, विकृती वाढते, आणि कुणीतरी तिलाच ‘तपशील’ म्हणतं. बरं, हा वेग हवा तरी कशाला? २० किलोहर्ट्झला २ व्होल्ट आरएमएस देण्यासाठी लागणारा स्ल्यू रेट साधारण ०.३६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. बिचाऱ्या एनई५५३२ चा आहे ९.

दुसरा दावा: ‘महागडा कपॅसिटर, जास्त बेस’

हे उदाहरण मला जास्त आवडतं, कारण इथे फरक खरा असू शकतो आणि तरी श्रेय चुकीच्या गोष्टीला जातं. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर मिळून एक हाय-पास फिल्टर होतो. त्याचा कोपरा सुमारे १६ हर्ट्झला येतो, आणि २० हर्ट्झला आवाज २ डेसिबलपेक्षा थोडा जास्त खाली असतो. आता कुणी तो साधा कपॅसिटर काढून नावाजलेल्या कंपनीचा ०.४७ मायक्रोफॅरडचा बसवला, तर कोपरा ३.४ हर्ट्झवर जातो आणि २० हर्ट्झची घट जेमतेम ०.१ डेसिबल उरते. अगदी खालचा बेस वाढणारच! पण तो वाढवला आकड्याने, ब्रँडने नाही. पाच-दहा रुपयांच्या ०.४७ ने तेवढाच वाढला असता, आणि महागड्या ०.१ ने काडीचाही वाढला नसता.

हे तपासायला तिसरा कपॅसिटर लागतो: साधाच, पण ०.४७ चा. यालाच कंट्रोल म्हणतात. बहुतेक अहवालांत तोच गायब असतो.

ऐकण्याबद्दल

चिप काढून दुसरी बसवायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात व्हॉल्यूमच्या नॉबला हात लागतो. किंचित मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून दोन्ही बाजूंची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजच्या साधारण एक टक्क्यात जुळवायला हवी. साधा मल्टिमीटर आणि १०० हर्ट्झच्या आसपासचा टोन पुरतो. स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचे नसतात, म्हणून खालचा टोन. त्यासाठी दोन अँप्लिफायर शेजारी शेजारी बांधून मध्ये एक स्विच ठेवा, आणि तो दुसऱ्याच्या हातात द्या.

मग १६ वेळा ओळखायचं. १२ किंवा जास्त बरोबर आले, तर निव्वळ अंदाजाने तसं होण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के. पण आठ चिपा अशा तपासल्या आणि पाच टक्क्यांची रेघ धरली, तर काहीही फरक नसताना निदान एक तरी ‘जिंकण्याची’ शक्यता ३४ टक्क्यांच्या घरात जाते. लिहिलं जातं त्या एकीबद्दलच. उरलेल्या सात कुठे गेल्या, हे विचारायची सवय लावून घ्या.

दुसऱ्या टोकाबद्दलही बोलू

या सगळ्याला सडेतोड उत्तर २०११ साली एका निनावी अभियंत्याने दिलं. ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने त्याने ऑब्जेक्टिव्ह-२, अर्थात ओ२ हा हेडफोन अँप्लिफायर मोजमापांसह प्रसिद्ध केला. आउटपुटला फॅशनेबल चिप न घेता त्याने एनजेएम४५५६ए ही स्वस्त चिप निवडली, कारण हेडफोनला लागणारा करंट ती नीट देते, आणि हे त्याने मोजून दाखवलं. इथे लेखकाचं नाव, पदवी, संस्था काहीच ठाऊक नाही. तरी दावा टिकतो, कारण इतरांनी तोच बोर्ड बांधून मोजला. पडताळता येणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

पण त्यालाही एक प्रश्न विचारायला हवा. रचना उघडी ठेवली, मात्र परवाना असा दिला की बदललेली आवृत्ती कुणी वाटू नये. लोक चिपा बदलून रचना बिघडवतील आणि नाव तिचं जाईल, ही भीती समजते. तरी ज्याने ‘मोजा आणि सिद्ध करा’ म्हटलं, त्यानेच सिद्ध झालेली सुधारणा पुढे न्यायची वाट अरुंद केली. २०१२ मध्ये तो लिहायचाही थांबला. मग त्या रचनेची पुढची आवृत्ती अधिकाराने काढणार कोण?

तर मग बदल करूच नयेत का?

जरूर करावेत. लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग एका दुपारी आणता येतात. फक्त सोल्डरिंग आयर्न तापत असताना वहीत तीन ओळी लिहा. मी काय बदलतेय? त्यामुळे कोणता आकडा, कोणत्या दिशेने, किती बदलेल? तो बदलला नाही तर मी काय मान्य करेन? बदल केल्यावर हेडफोन लावण्याआधी आउटपुटचं डीसी मोजा. ते शून्याच्या जवळ, काही मिलिव्होल्टच्या आत नसेल, तर ऐकायला बसू नका. आधी सर्किट दुरुस्त करा.

तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर तो बदल हौस म्हणून करा, मजेत करा. फक्त त्याला निष्कर्ष म्हणू नका. आणि गाईडसमोर पुढचा प्रयोग मांडताना याच तीन ओळी आधी लिहून न्या.