लोहाविना लाल

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली गाठ म्हणायची, पण कोयीसारखी अलगद उचलून काढावी अशी तिला कड नसते. ती मेंदूत झिरपत जाते. मधला करडा, सडका भाग शल्यविशारदाला ओळखू येतो; कडेची गाठ आणि निरोगी मेंदू मात्र पांढऱ्या दिव्याखाली जुळ्या भावंडांसारखे दिसतात. इथे नीरक्षीर निवडण्यासाठी म्युनिकच्या वाल्टर श्टुमर आणि सहकाऱ्यांनी जी रीत घडवली, ती सवडीने पाहण्याजोगी आहे.

पहिली खुमारी औषधाच्या निवडीत. भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी रुग्णाला पाण्यात विरघळवलेलं फाइव्ह-एएलए पाजतात. वजनाच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सव्वा ग्रॅमही लागत नाही. हा रंग नव्हे. रक्ताला लाली देणारं हीम घडवताना आपलं शरीर रोज जो कच्चा माल वापरतं, तोच हा. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवतात आणि शेवटी एक विकर त्यात लोह बसवतं. लोह बसलं की चमकण्याचा गुण गेला. गाठीच्या पेशींत ही शेवटची पायरी रेंगाळते. त्यातून तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या, म्हणून कच्चा मालही जास्त पोचतो. लोहाची वाट पाहणारं प्रोटोपॉर्फिरिन साचत राहतं. वरून काही फासावं लागत नाही. गाठीचं अर्धवट राहिलेलं कामच तिची चुगली करतं.

आता प्रकाश. सूक्ष्मदर्शकाचं बटण दाबलं की पांढऱ्याच्या जागी सुमारे 400 नॅनोमीटरचा जांभळट निळा झोत पडतो. प्रोटोपॉर्फिरिन तो पिऊन 635 नॅनोमीटरचा लाल प्रकाश परत देतं. निळा अडवून लाल तेवढा डोळ्यांपर्यंत सोडायचं काम गाळणीचं. पण ही गाळणी मुद्दाम थोडी सैल ठेवलेली आहे: परावर्तित निळ्याचा एक पातळ पदर ती आत येऊ देते. तो नसता तर काळोखात नुसता लाल तरंगला असता, आजूबाजूचा मेंदू दिसलाच नसता. तो असल्यामुळे निरोगी मेंदू निळसर दिसतो आणि लालाला बसायला जमीन मिळते. या कारागिरीतला सगळ्यात सुंदर निर्णय मला हाच वाटतो.

मग रंगाची उतरण. गाठीच्या दाट भागात निखाऱ्यासारखा भरीव लाल, कडेकडे, मेंदूत विखुरलेल्या पेशींपाशी, फिका गुलाबी, पुढे निळा. पेशी निळ्यातही थोड्याफार असतातच, पण कुठे दाट आणि कुठे विरळ हे एरवी प्रयोगशाळेने सांगायचं. इथे ते जागच्या जागी, हात चालू असताना दिसतं.

तरी नुसता दिवा पुरत नाही, हात मुरलेला लागतो. प्रकाश खोल शिरत नाही. रक्ताचा पातळ थर किंवा वरून झुकलेली मेंदूची घडी लालाला झाकून टाकते. म्हणून धुवायचं, टिपायचं, कोन बदलायचा, रक्तस्राव थांबवायला पांढऱ्याकडे यायचं, पुन्हा निळ्याकडे जायचं. फार वेळ प्रकाशात राहिलं तर चमकही विटते. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रातल्या शल्यविशारदांनी जोडीला अल्ट्रासाउंड घेतला: पृष्ठभाग प्रकाशाने वाचायचा, खोली ध्वनीने. जोडी अगदी नेमकी जमते.

या रसिकतेला आकड्यांचाही आधार आहे. 2006 साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलेल्या श्टुमर यांच्या चाचणीत 270 रुग्णांचा हिशोब होता. एमआरआयवर उजळणारी गाठ पूर्ण निघाली ती या रीतीने 65 टक्के रुग्णांत, नुसत्या पांढऱ्या दिव्याखाली 36 टक्क्यांत. सहा महिन्यांपर्यंत रोग न वाढलेले 41 टक्के. दुसऱ्या गटात 21. पण लाल दिसलं म्हणजे कापायचंच, असं नाही. गुलाबी कडेखाली वाचेची किंवा हाताच्या हालचालीची वाट असेल, तर जाणता हात तिथे थांबतो. दिसत असूनही सोडणं, ही या कलेची खरी परीक्षा.

शस्त्रक्रिया संपल्यावर पहिले 24 तास रुग्णाला प्रखर उजेडापासून जपतात, खिडकीचे पडदे ओढून घेतात. कारण त्याच्या त्वचेतही थोडं प्रोटोपॉर्फिरिन अजून लोहाची वाट पाहत असतं.