आंकड्यांचें साधन आणि साधनांची पारख

आंकड्यांचें सांख्यिकीय पृथक्करण मुक्त संगणक-साधनांच्या साह्यानें शिकावें, असा पुरस्कार अलीकडे सर्वत्र होत आहे. त्यांत ‘आर’ या प्रणालीचें नांव अग्रभागीं आहे. न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं ती रचिली. 1995 सालीं ती सर्वांस मुक्त झाली व तिची 1.0.0 ही आवृत्ति 29 फेब्रुवारी 2000 रोजीं निघाली. तिला मोल पडत नाहीं व तिची घडण कोणासही उघडून पाहतां येते. भंडारा जिल्ह्यांतील लाखनीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीं राहून नाणीं, कागद व पोथ्या जमविणाऱ्यास ही विद्या कितपत उपयोगी आहे, आणि ती ज्या रीतीनें शिकविली जाते ती रीत त्याच्या कामाची आहे काय, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

इतिहासास गणिताचें वावडें आहे हा समज निराधार होय. गोमंतकांत 1907 सालीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं 1941 सालीं चांदीच्या आहत नाण्यांच्या वजनांवर निबंध प्रसिद्ध केला. तक्षशिलेच्या निधींतील नाणीं हा त्यांचा मुख्य आधार होता. नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें. म्हणून पुष्कळ काळ चाललेल्या नाण्यांचें सरासरी वजन उतरतें, आणि सर्वांची झीज सारखी नसल्यामुळें वजनांतील आपसांतली तफावत वाढते. हें तत्त्व त्यांनीं आधुनिक नाणीं तोलून पडताळलें. मागील बाजूचीं चिन्हें जों जों अधिक तों तों सरासरी वजन कमी, असें दिसून आल्यावर त्यांनीं तें नाण्यांच्या कालनिर्णयास लाविलें. याच विद्वानानें 1948 सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति हस्तलिखितें ताडून सिद्ध केली. गणित व पाठचिकित्सा यांत वैर नाहीं, याला याहून बोलका दाखला नको.

कोसंबींच्या निबंधांतील सरासरी व तफावत आज ‘आर’मध्यें दोन ओळींच्या आज्ञेनें निघते. परंतु तिचे खरे गुण वेगापेक्षां निराळे आहेत. पहिला गुण असा कीं, केलेली प्रत्येक क्रिया लेखी राहूं शकते व दुसऱ्यास ती जशीच्या तशी पुन्हा करून पाहतां येते. दुसरा असा कीं, एखाद्या नाण्याचें वजन नोंदीतून गळलें असेल, तर ही प्रणाली सरासरी देण्याचें नाकारते. गळलेली जागा वगळावी असें स्पष्ट सांगितल्यावांचून ती पुढें जात नाहीं. त्रुटित पत्र आलें असतां प्रामाणिक संपादक तेथें कल्पनेचा पाठ घालीत नाहीं, त्याच जातीचा हा प्रामाणिकपणा आहे. तिसरा, आंतील सूत्र तपासण्यास मोकळें आहे. नागपुरास किंवा पुण्यास न जातां लाखनींत बसून मोठ्या पंडिताचाही निष्कर्ष पडताळतां यावा, ही सोय लहान नव्हे.

मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेंतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानें मुक्त साधनांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक देशी भाषांत आणिले, हेंही उपकारक होय.

आतां दोष. प्रणालीबरोबरच जे नमुन्याचे आंकडे येतात, त्यांत तीन जातींचीं 150 फुलें आहेत व 1974 सालच्या एका अमेरिकन मासिकांतील 32 मोटारी आहेत. शिकणारा बहुधा यांवरच हात बसवितो. हे आंकडे धुऊन पुसून ठेवलेले असतात. ते कोणीं, केव्हां, कोणत्या सीमेंत जमविले, हें विचारण्याची पाळी त्याच्यावर येत नाहीं. आपल्या विद्येचा तर आरंभच या प्रश्नापासून होतो.

घरचेंच उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 1991 च्या गणनेंत सुमारें 21 लक्ष होती. 2001 सालीं ती 11,36,146 भरली. हे दोन आंकडे प्रणालीस दिले, तर दहा वर्षांत जिल्हा जवळजवळ निम्मा ओस पडला असें उत्तर ती निःशंकपणें देईल. वस्तुतः 1 मे 1999 रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, एवढाच त्याचा अर्थ. गणितांत चूक कोठेंच नाहीं. चूक आहे ती साधनाची पारख न करण्यांत.

नाण्यांसही हेंच लागू आहे. चिन्हें व वजन यांचा संबंध यंत्र दाखवील. पण तीं चिन्हें ठराविक कालान्तरानें उमटविलीं जात होतीं काय, हें यंत्र सांगणार नाहीं. शिवाय आम्लानें घासलेलें नाणें वजनास उतरतें, तें शतकानुशतकांच्या चलनामुळें नव्हे. निधि सराफ व संग्राहक यांच्यांत वांटला गेला, कीं त्यांतील वजनांचा समूहच नष्ट होतो. मग कोणतीही प्रणाली तो परत आणूं शकत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, ही विद्या संग्राहकांनीं अवश्य शिकावी, परंतु फुलांवर व मोटारींवर नव्हे. प्रत्येक नाणें साफ करण्यापूर्वीं तोलावें. तें कोठें, कोणाबरोबर सांपडलें हें लिहावें. पोथीचे पाठभेद, त्रुटित पत्रांसह, तक्त्यांत मांडावे. याच जिल्ह्यांत पवनी येथें 1969-70 सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं उत्खनन केलें. तेव्हां या भूमींत सामग्रीची वाण आहे असें कोणी म्हणूं नये. वाण आहे ती नीट ठेवलेल्या नोंदींची. ती भरून निघाल्यावर फुकट मिळालेलें साधनही मोलाचें ठरेल. नाहीं तर तें चुकीच्या आंकड्यांस शास्त्राचा पोशाख चढवील, आणि तो उतरविण्यांत पुढील पिढीचे श्रम खर्ची पडतील.