मागे राहणाऱ्यांची साक्ष : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

गुरुदीक्षेनंतरच्या सत्कारसभेत एक क्षण हमखास येतो. नवदीक्षित धर्मगुरूंनी काय काय सोडले, याची यादी वक्ता सांगू लागतो : अभियांत्रिकीची पदवी, कारखान्यातील नोकरी, भरघोस पगार. टाळ्या पडतात. पहिल्या रांगेतील आईच्या गळ्यातही हार पडतो. पण तिने काय सोडले, हे सभेत कोणी विचारीत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यात हा प्रश्न विचारणारा एक थोर ग्रंथ आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४ ते १९३६) आम्ही अलीकडे पुन्हा वाचली, ती याच प्रश्नासाठी.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) प्रॉटेस्टंट होते, म्हणून त्यांच्या घराची ही कथा आपल्याला परकी ठरत नाही. छत्रपती संभाजीनगरातून निघून गोदावरी ओलांडली की त्यांच्या कर्मभूमीचा नगर जिल्हा लागतो. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ची. पण घोगरगावसारख्या धर्मग्रामांची मुळे त्याहून कितीतरी जुनी आहेत. फ्रान्समधले आपले गाव सोडून आलेल्या फ्रान्सेलियन धर्मगुरूंनी तेथे पाय रोवले. त्यांच्या आठवणी आपण जपतो. त्यांच्यामागे फ्रान्समध्ये राहिलेल्या आईवडिलांची मात्र एकही आठवण आपल्यापाशी नाही. ‘स्मृतिचित्रे’ ही उणीव निराळ्या वाटेने भरून काढते.

टिळकांनी एकदा नव्हे, दोनदा सोडले. चित्पावन ब्राह्मण कुळ, संस्कृत पांडित्य, कवी म्हणून नाव आणि राजनांदगाव संस्थानातील नोकरी, एवढे सारे हाताशी असताना १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत अध्यापन, उपदेश आणि लेखन यांत त्यांची वर्षे गेली. १९०४ साली त्यांना दीक्षा मिळाली. ही सेवाच होती, पण ती पगारी सेवा होती. १९१७ साली त्यांनी तो पगारही सोडला, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोहोंना ख्रिस्ताच्या पायाशी एकत्र बसता यावे, ही त्यामागची तळमळ होती. दोन वर्षे पुरी होण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले.

या दुसऱ्या त्यागाचे मोल आम्हांस अधिक वाटते. जग सोडून मिशनमध्ये आलेल्या माणसाला मिशन हीच सुखाची नोकरी होऊन बसू शकते, हे टिळकांनी ओळखले. ही जाणीव आजही धर्मसेवेतील कोणालाही टोचावी अशी आहे.

टिळकांचे चरित्र जे. सी. विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२३ साली इंग्रजीत लिहिले. ते आदराने लिहिलेले आहे, आणि त्यात उजेड पडतो तो टिळकांच्या कवितेवर व साधनेवर. लक्ष्मीबाई तोच माणूस स्वयंपाकघराच्या दारातून पाहतात. तेथून साधू दिसत नाही. दिसतो तो न सांगता घरातून निघून जाणारा, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा, हातचा पैसा वाटून टाकणारा नवरा. पुस्तकभर त्या त्याला नुसते ‘टिळक’ म्हणतात. त्या एका संबोधनात प्रेमही आहे आणि अंतरही. निवेदनाचा सारा तोल त्यावर उभा आहे.

नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांच्यावर आभाळ कोसळले. जवळजवळ पाच वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नगरला आल्या तेव्हाही आपले पाणी आणि आपली चूल त्यांनी निराळी ठेवली. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांचे मोठेपण. पुढे सोवळे लक्ष्मीबाईंच्या मनातूनच गळून पडले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या पाचारणाने ज्यांची फरफट झाली, त्यांना अखेर आपले स्वतःचे पाचारण सापडले. या ग्रंथाचा खरा कणा आम्ही हाच मानतो.

एवढे दुःख सांगताना सूर कोठेही रडवा होत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद स्वतःवर आधी चालतो, मग टिळकांवर. नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या या बाईंची भाषा पुस्तकी नाही. ती माजघरात बोलली जाणारी, नेमकी आणि धीट आहे.

उणिवा नाहीत असे नाही. हकिगतींच्या गर्दीत काळाचे भान सुटते. टिळकांच्या मनात ख्रिस्ताविषयी काय घडत होते, याची खोली येथे फारशी लागत नाही. त्यासाठी त्यांच्या अभंगांकडेच वळावे लागते. चौथा भाग लेखिकेच्या निधनामुळे अपुरा वाटतो. शिवाय, घराला न विचारता घेतलेला निर्णय कितपत ख्रिस्ती म्हणावा, हा प्रश्न त्या उभा करतात, पण निकाल देत नाहीत. तो निकाल वाचकाने द्यायचा आहे. आमच्यापुरते आम्ही म्हणू की टिळकांचा त्याग खरा होता, पण तो त्यांच्या एकट्याचा नव्हता.

संत मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान प्रभूमागे निघतात, तेव्हा त्यांचा बाप जब्दी मजुरांसह नावेतच राहतो. शुभवर्तमानकाराने त्याची नोंद केली आहे. पुढच्या सत्कारसभेत वक्त्याने सोडलेल्या गोष्टींची यादी वाचावी, आणि मग थांबून पहिल्या रांगेतील आईलाही चार शब्द बोलू द्यावेत.