‘समाधानकारक’ हवा

समीक्षा फक्त पुस्तकांचीच करावी, असा काही नियम नाही. फोनमधलं हवेच्या गुणवत्तेचं अ‍ॅप हाही एक मजकूरच आहे. मी मूळचा जालन्याचा, पुण्यात बसून कंपन्यांसाठी डॅशबोर्ड बनवतो. त्यामुळे हा मजकूर लिहिणाऱ्याच्या सवयी मला ओळखीच्या आहेत.

जालना म्हणजे लोखंडी सळ्या. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्यावर हजारो घरं चालतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही याच जालन्याचं नाव आहे.

आता अ‍ॅपमधला एक शब्द घ्या : ‘समाधानकारक’. भारतीय निर्देशांकात ५१ ते १०० हा पट्टा समाधानकारक. पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले, तरी हवा समाधानकारकच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांसाठीची शिफारस आहे १५ ची. म्हणजे चौपट. समाधान कुणाचं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरी खोट सरासरीची. कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. रात्री दोनचा धूर दुपारच्या वाऱ्यात विरघळून सभ्य होतो.

तिसरी, गाळलेल्या गोष्टींची. निर्देशांकात आठ प्रदूषकं आहेत, त्यात जस्त नाही. माझे काका भट्टीवर होते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीच्या रात्री त्यांना थंडी वाजून ताप यायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरायचा. आम्ही ‘व्हायरल’ म्हणायचो, आजी दृष्ट काढायची. जस्ताचा मुलामा दिलेलं भंगार वितळलं की निघणाऱ्या धुरानं असा ताप येतो. रोजच्या कामात शरीराला सवय होते, सुट्टीत ती मोडते, म्हणून पहिल्या पाळीलाच तो गाठतो. हे मी इंजिनिअर झाल्यावर वाचलं. कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं.

निर्देशांक शहरासाठी असतो, कामगारासाठी नाही, हा बचाव मला मान्य आहे. हा आकडा नसता तर भांडायलाही काही हाती नसतं. पण अनिल अवचट डॉक्टर होते आणि निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर त्यांनी लिहिलं, तेव्हा सुरुवात माणसांपासून केली. आमच्या डॅशबोर्डवर माणूस शेवटपर्यंत येत नाही.

परवा अ‍ॅपवर जालना फिकट हिरवं दिसलं, म्हणून काकांना फोन केला. विचारलं, “हवा कशी आहे आज?”

ते म्हणाले, “खिडकी लावून बसलोय.”