42 सुपरनोव्हा आणि 0.17 चा प्रश्न

हबल स्थिरांकाचा वाद समजून घ्यायला निघालात, की ॲडम रीस आणि सहकाऱ्यांचा 2022 चा पेपर समोर येतोच. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: 73.04 ± 1.04 किमी प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून, विश्वाचं प्रमाण मॉडेल गृहीत धरून, 67.4 ± 0.5 येतं. पण हा पेपर वाचायचा तो आकड्यासाठी नाही, त्यातली मधली पायरी तपासण्यासाठी.

पायऱ्या तीन आहेत. पहिलीत पॅरलॅक्ससारख्या थेट मोजमापांनी सेफिड ताऱ्यांची तेजस्विता ठरते. दुसरीत अशा 37 जवळच्या दीर्घिका, जिथे सेफिडही दिसतात आणि टाइप Ia सुपरनोव्हाही फुटलेत. असे सुपरनोव्हा एकूण 42. तिसरीत दूरचे 277 सुपरनोव्हा. या 42 जणांची खरी तेजस्विता चुकली, तर पुढचं सगळंच घसरतं.

किती चुकायला हवी? गणित स्वतः करा. 73.04 आणि 67.4 मधला फरक सुमारे 8 टक्के, म्हणजे 0.17 मॅग्निट्यूड.

आता एकच उदाहरण घ्या. एम101 दीर्घिकेत 2011 च्या ऑगस्टमध्ये सापडलेला एसएन 2011एफई. दुरुस्त्या केल्यावर त्याची कमाल दृश्य तेजस्विता सुमारे 9.8 आणि सेफिडवरून दीर्घिकेचं अंतर-मापांक सुमारे 29.2. वजा केलं की निरपेक्ष तेजस्विता उणे 19.4. सर्वांची सरासरी मात्र उणे 19.25. म्हणजे एकट्या सुपरनोव्हाचा फरक जवळपास वादाएवढाच! यात विशेष काही नाही, कारण एकेकाची पसरण 0.13 च्या आसपास असतेच. 42 ची सरासरी घेतली की ती 0.02 वर येते. 0.17 त्याच्या आठपट आहे, त्यामुळे 'नशिबाने असं झालं' हे उत्तर चालत नाही. सगळ्यांना एकाच दिशेला ढकलणारी चूकच शोधावी लागते.

इथे पेपरची बाजू भक्कम आहे. लेखकांनी विश्लेषणाची सुमारे 70 वेगवेगळी रूपं करून दाखवली. सेफिड तरुण तारे असल्याने ते तारे जन्मत असलेल्या दीर्घिकांतच मिळतात. म्हणून दूरचे सुपरनोव्हाही तशाच दीर्घिकांतले निवडले. तुलना सारख्याची सारख्याशी, हे शिकण्यासारखं आहे.

तक्रारी दोन. सेफिडचं मोजमाप पेपरात बारकाईने येतं, पण सुपरनोव्हांची तेजस्विता 'पॅन्थिऑन प्लस' या वेगळ्या कामातून जवळजवळ तयार येते. रंग, धूळ, प्रकाशवक्राची रुंदी यांच्या दुरुस्त्या तिथे झालेल्या असतात. नुसता हाच पेपर वाचणाऱ्याला मधल्या पायरीचा अर्धा भाग विश्वासावर घ्यावा लागतो. ते पेपर शेजारी ठेवूनच वाचा.

दुसरी तक्रार लेखकांवर नाही, निसर्गावर आहे. 42 हा सुमारे चार दशकांतला सगळा वापरण्याजोगा साठा आहे. म्हणजे वर्षाला साधारण एक.  वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने 2024 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने 10 दीर्घिका मोजल्या आणि उत्तर 70 च्या आसपास आलं. रीस यांच्या गटाचं म्हणणं असं, की अंतरं जुळतात, फरक निवडलेल्या थोड्या सुपरनोव्हांमुळे पडतो. हे मान्य केलं तर लहान नमुन्यातून निघालेल्या कुठल्याही उत्तराकडे, मग ते 70 असो की 73, त्याच सावधपणे पाहायला हवं.

पेपरात या 42 चा तक्ता आहे. त्यातले कुठलेही 10 वगळा आणि सरासरी पुन्हा काढा. असं शंभरदा केल्यावर उत्तर किती हलतं ते पाहा, आणि मग वादात बाजू घ्या.